शासनपद्धतींचं एक्सेल शीट: पाच रकाने केले आणि पहिलाच देश बसेना

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालंय असं की मला एक खूळ लागलंय. जगातल्या सगळ्या देशांची यादी घ्यायची आणि कुठे कोणती शासनपद्धती आहे त्याचं एक्सेल शीट करायचं. नागरिकशास्त्रातलं जे काय डोक्यात उरलंय त्यावरून पाच रकाने केले, लोकशाही, राजेशाही, हुकूमशाही, साम्यवाद आणि प्रजासत्ताक. म्हटलं प्रत्येक देशापुढे एक टिक मारायची, दोन रविवारात काम खलास.

यादी अक्षरांनुसार लावली तर एक्सेलनं अँडोरा सगळ्यात वर आणून ठेवला. आता ह्या अँडोराला एक सोडून दोन राजपुत्र राष्ट्रप्रमुख आहेत, त्यातला एक स्पेनमधल्या उर्हेल गावचा बिशप आणि दुसरा चक्क फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. म्हणजे फ्रान्सवाल्यांनी मत देऊन जो माणूस निवडला तो शेजारच्या देशात आपोआप राजपुत्र होतो. आणि कारभार मात्र १९९३ च्या राज्यघटनेप्रमाणे निवडून आलेली संसद चालवते. ह्याला राजेशाही म्हणू, लोकशाही म्हणू की डोक्याला हात लावू?

तो सोडून पुढे गेले तर ब्रिटनला दोन टिका पडल्या, उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात 'लोकशाही', 'जनता' आणि 'प्रजासत्ताक' तिन्ही शब्द निघाले, दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष आहे पण तो संसद निवडते असं कळलं, आणि फ्रान्समधे अध्यक्षही आहे आणि पंतप्रधानही. साठेक देश झाल्यावर बघितलं तर निम्म्यांपुढे प्रश्नचिन्ह. माझं नेमकं काय चुकतंय? का ही सगळी वर्गीकरणं म्हणजे नुसती परीक्षेपुरती सोय असते? आणि जाता जाता, ह्यातली सगळ्यात चांगली पद्धत कुठली तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

कासवचाल:

पाटीपेन्सिल ताई, देश बरोबर आहेत, तुमचे रकाने चुकलेत. रागावू नका, बहुतेक सगळ्यांचे असेच असतात. तुम्ही चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ओळीत मांडलीत, म्हणजे एखाद्या माणसाबद्दल 'उंच, डॉक्टर, डावखुरा की विवाहित' असं विचारून एकावरच टिक करा म्हणण्यासारखं आहे ते.

राजेशाही की प्रजासत्ताक हा प्रश्न फक्त सगळ्यात वरच्या खुर्चीचा आहे, ती वारशानं मिळते की नाही एवढाच. त्यावरून लोकांना किती स्वातंत्र्य आहे हे काडीचंही कळत नाही. नॉर्वेत राजा आहे, जपानमधे सम्राट आहे, दोन्हीकडे सरकार निवडणुकीत आरामात पडतं. उलट तुमचं ते उत्तर कोरिया कागदोपत्री प्रजासत्ताक, आणि १९४८ पासून आजोबा, मुलगा, नातू अशी सत्ता घरातच फिरतेय. साम्यवाद तर शासनपद्धतीच नव्हे, ती अर्थव्यवस्था आणि समाज कसा असावा ह्याची विचारसरणी आहे, रकान्यात घालायचंच तर 'एकपक्षीय राजवट' असं घाला, कारण व्यवहारात फरक त्यानं पडतो.

मग उरतो तो खरा महत्त्वाचा प्रश्न, संसदीय की अध्यक्षीय. इथे लोक फार घोळ घालतात कारण ते पदाचं नाव बघतात. पंतप्रधान दिसला की संसदीय, राष्ट्राध्यक्ष दिसला की अध्यक्षीय. मी स्वतः एकच चाचणी लावतो, सरकार चालवणाऱ्या माणसाला मुदत संपायच्या आत, काहीही गुन्हा नसताना, नुसतं 'आता तुम्ही नको' म्हणून घरी कोण पाठवू शकतं?

ब्रिटनमधे २८ मार्च १९७९ ला कॅलहन सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मतानं पडलं. भारतात १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं तेही एकाच मतानं गेलं. दोघांवर खटला वगैरे काही नव्हता, सभागृहाचा विश्वास नव्हता, बस्स, विषय संपला. आता अमेरिका बघा. तिथे १८६८ मधे अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला आणि सिनेटमधे दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं म्हणून तो वाचला. म्हणजे बहुसंख्य सिनेटर त्याच्या विरोधात होते तरी गडी खुर्चीत. आणि महाभियोगाला निदान कागदावर तरी गुन्ह्याचा आरोप लागतो, आवडत नाही हे कारण चालत नाही. आजवर एकाही अमेरिकन अध्यक्षाला सिनेटनं दोषी ठरवून काढलेलं नाही.

ह्या चाचणीत दक्षिण आफ्रिका लगेच सुटते. तिथला अध्यक्ष राष्ट्रप्रमुखही आहे आणि शासनप्रमुखही, पण त्याला निवडते नॅशनल असेंब्ली आणि अविश्वास ठराव आणून काढूही शकते ती. २०१८ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष झुमांनी राजीनामा दिला तेव्हा हाच ठराव डोक्यावर लटकत होता. म्हणजे पाटी अध्यक्षाची, यंत्र संसदीय.

तिकडे संघराज्य की एकात्म हा अजून वेगळा रकाना, त्यावर कोणीतरी लिहील, मला चहा बोलावतोय.

पाटीपेन्सिल:

बाप रे, एवढं सविस्तर! वाचनखूण साठवली. 'घरी कोण पाठवू शकतं' हा रकाना आत्ताच टाकला, सातआठ प्रश्नचिन्हं तिथल्या तिथे गेली.

पण फ्रान्स अजून तिथेच आहे. पंतप्रधानाला संसद घरी पाठवू शकते, अध्यक्षाला नाही. मग सरकार चालवणारा माणूस म्हणून धरायचं कोणाला?

तिरकी रेघ:

फ्रान्सचं उत्तर 'कधीचं फ्रान्स' ह्यावर आहे.

१९५८ ला पाचव्या प्रजासत्ताकाची घटना आली, १९६२ च्या सार्वमतानंतर अध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा ठरला. असल्या जोड-पद्धतीला अर्ध-अध्यक्षीय म्हणतात, हा शब्द मोरिस द्यूवेर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकामुळे रुळला. पण 'अर्ध' म्हटल्यावर आपल्याला वाटतं दोघांत पन्नास-पन्नास टक्के वाटणी असेल. तसं अजिबात नाही हो. संसदेत अध्यक्षाच्याच पक्षाचं बहुमत असेल तर पंतप्रधान हा त्याचा वरिष्ठ कारकून. बहुमत विरोधकांचं आलं की मात्र अध्यक्ष परराष्ट्र आणि संरक्षण धरून बसतो आणि घरातला कारभार पंतप्रधान पळवतो. घटनेतला एक शब्द बदललेला नसतो, आणि सोमवारी एक पद्धत असते, निवडणुकीनंतरच्या सोमवारी दुसरी.

हे पहिल्यांदा झालं १९८६ ला. अध्यक्ष मितराँ समाजवादी, पंतप्रधान शिराक उजवे. मे महिन्यात टोकियोला सात बड्या देशांची परिषद होती, तिथे दोघंही हजर, फ्रान्सच्या वतीनं बोलणार कोण ह्यावरून आधीच खेचाखेची. मग जुलैमधे शिराकनी सरकारी कंपन्या विकायचा अध्यादेश पाठवला तर मितराँनी सही करायला नकार दिला. आता शिराकना पुढचा रस्ता काय? तेच त्यांनी संसदेत कायदा म्हणून आणलं आणि मंजूर करून घेतलं. ह्या एका प्रसंगात पूर्ण पद्धत कळते बघा, अध्यक्ष अडवू शकतो, उशीर करू शकतो, पण संसदेत बहुमत ज्याच्यामागे आहे त्याला कायमचा रोखू शकत नाही. ह्या प्रकाराला ते सहवास म्हणतात, संसार नाही नुसता सहवास. १९९३ ते ९५ आणि १९९७ ते २००२ असे अजून दोनदा झाले.

मग ह्याचा कंटाळा येऊन त्यांनी २००० साली अध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षं केली आणि संसदेची निवडणूक अध्यक्षाच्या निवडणुकीच्या मागोमाग लावली, म्हणजे एकाच लाटेत दोन्ही येतील. काही वर्षं चाललं ते. मग २०२४ मधे अध्यक्षांनी संसद मुदतीआधी विसर्जित केली, कोणालाच बहुमत मिळालं नाही, आणि डिसेंबरमधे बार्निए सरकार तीन महिन्यांत अविश्वास ठरावानं पडलं. त्याआधी असं शेवटचं झालं होतं १९६२ ला.

तर रकान्यात 'अर्ध-अध्यक्षीय' लिहा आणि शेजारी 'सध्या संसदेत बहुमत कोणाचं' असा उपरकाना करा. दर निवडणुकीला बदलावा लागेल. कटकट आहे पण खरं तेच आहे.

शंकासुर:

सगळं वाचलं. मंडळी, तुम्ही कागद वाचताय. कागदावर काय वाट्टेल ते लिहिता येतं. माझ्या मते दोनच रकाने पुरेत, जिथे सत्ताधारी निवडणूक हरतात आणि गपचूप जातात ते देश, आणि उरलेले. संसदीय का अध्यक्षीय ही चर्चा पहिल्या गटापुरती ठीक, दुसऱ्या गटात ती म्हणजे जळत्या घरात भिंतीला रंग कुठला द्यायचा असली चर्चा.

चीनचं घ्या. तिथे राष्ट्राध्यक्ष आहे, पंतप्रधान आहे, जवळपास तीन हजार सदस्यांची संसद आहे. तुमच्या त्या चाचणीप्रमाणे घटना वाचली तर संसद अध्यक्षाला काढू शकते! बसवा बघू संसदीय रकान्यात. खरी ताकद पक्षाच्या सरचिटणीसपदात आणि लष्करी आयोगाच्या अध्यक्षपदात. राष्ट्राध्यक्ष हे त्यातलं शोभेचं पद, म्हणून तर २०१८ ला त्यावरची दोन मुदतींची मर्यादा काढली तेव्हा ती काढायला सोपी गेली, पक्षाच्या पदाला अशी मर्यादा मुळात लिहिलेलीच नव्हती. आणि डेंग श्यावपिंग? तो गृहस्थ कधी राष्ट्राध्यक्ष नव्हता की पंतप्रधान नव्हता. १९९० पर्यंत उरलंसुरलं पदही सोडलं, आणि १९९२ ला नुसता दक्षिणेकडचा दौरा करून अख्ख्या देशाच्या आर्थिक धोरणाला धक्का देऊन वळण दिलं. कुठल्या रकान्यात टाकणार, 'निवृत्त आजोबा'?

रशियातही तेच. १९९३ ची घटना अध्यक्षाला भरभक्कम अधिकार देते. २००८ ते २०१२ मेदवेदेव अध्यक्ष आणि पुतिन पंतप्रधान. तिरकी रेघ म्हणतात तसं घटना वाचून कोणी ठरवलं असतं की सत्ता मेदवेदेवकडे, तर लोक हसले असते.

इराण अजून भारी. तिथे अध्यक्षाची खरी निवडणूक होते, चुरस असते, निकाल अनपेक्षित लागतात. पण उमेदवार कोण असावा हे आधी पालक मंडळ ठरवतं, बारा जणांचं, त्यातले सहा धर्मपंडित थेट सर्वोच्च नेत्यानं नेमलेले. २०१३ ला त्यांनी रफसंजानींना अपात्र ठरवलं, जे आधी आठ वर्षं ह्याच पदावर होते! म्हणजे बुफेत हवं ते घ्या, फक्त टेबलावर काय ठेवायचं ते आम्ही ठरवू.

म्यानमारचं गणित तर शाळेत शिकवावं असं. २००८ च्या घटनेत संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखीव, आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. पेन्सिल घ्या आणि वजाबाकी करा. एवढं करूनही २०२१ च्या फेब्रुवारीत लष्करानं सगळंच ताब्यात घेतलं ती गोष्ट वेगळी.

नुसता वाचक:

'निवृत्त आजोबा' 😀 हा रकाना टाकाच.

कासवचाल:

शंकासुर, तुमच्या उदाहरणांना माझी हरकत नाही, निष्कर्षाला आहे. तुमचे दोन गट मान्य. पण पहिल्या गटात कागदानं फरक पडत नाही हे साफ खोटं, आणि तो गट छोटा नाही.

जर्मनीचं बघा. वायमार काळात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात, संसदेतले दोन टोकाचे पक्ष, ज्यांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं, ते सरकार पाडायला तेवढे एकत्र येऊ शकत. पाडायचं आणि मोकळं व्हायचं, पुढचं सरकार कोण बनवणार हे सांगायची जबाबदारी नाही. म्हणून १९४९ च्या मूलभूत कायद्यात (तीच त्यांची राज्यघटना) एकच कलम घातलं, चान्सलरला, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाला, काढायचं असेल तर त्याच ठरावात नवा चान्सलर निवडा. त्यानंतर आजवर दोनदाच हा ठराव मतदानाला आला, १९७२ ला ब्रांटविरुद्ध फक्त दोन मतांनी फसला आणि १९८२ ला श्मिट गेले, कोल आले. स्पेननं हेच कलम घेतलं, त्यातूनच २०१८ ला राखोय जाऊन सांचेझ आले. एका वाक्याच्या कलमानं दोन देशांत सरकार पाडणं महाग करून टाकलं, ह्याला तुम्ही भिंतीचा रंग म्हणता?

उलटं उदाहरण इस्रायलचं, हे माझं आवडतं. तिथे छोटे पक्ष पंतप्रधानाला फार नाचवतात म्हणून शहाण्या लोकांनी ठरवलं की पंतप्रधान थेट जनतेनं निवडायचा, म्हणजे तो मजबूत होईल. १९९६ ला पहिल्यांदा दोन चिठ्ठ्या दिल्या, एक पंतप्रधानासाठी, एक पक्षासाठी. मतदारानं काय केलं? पंतप्रधान मोठ्या पक्षाचा निवडला आणि दुसरी चिठ्ठी मोकळेपणानं आपल्या आवडत्या छोट्या पक्षाला दिली. १९९२ ला दोन मोठ्या पक्षांच्या १२० पैकी मिळून ७६ जागा होत्या, १९९९ ला त्या ४५ वर आल्या. म्हणजे औषधानंच रोग वाढला. २००१ ला तो कायदा रद्द करून मुकाट्यानं जुन्या पद्धतीवर परत आले. माणसं तीच, पक्ष तेच, देश तोच, बदललं काय तर एक चिठ्ठी.

आणि स्वीडन. त्यांच्या घटनेत पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागतच नाही, त्याच्या विरोधात बहुमत नसलं की पुरे. ३४९ पैकी १७५ जण 'नको' म्हणाले तरच नाव पडतं. २४ नोव्हेंबर २०२१ ला माग्दालेना अँडरसन यांना बाजूनं ११७ मतं पडली, विरोधात १७४, आणि ५७ जण तटस्थ. दुसऱ्या बहुतेक देशांत ह्याला दणदणीत पराभव म्हणतील, स्वीडनमधे त्या पंतप्रधान झाल्या, एका मतानं वाचून. त्याच दिवशी अर्थसंकल्प विरोधकांचा मंजूर झाला, साथीदार ग्रीन पक्ष बाहेर पडला आणि त्यांनी काही तासांत राजीनामा दिला. पाच दिवसांनी परत मतदान, बाजूनं आता फक्त १०१, पण विरोधात १७३, म्हणून परत पंतप्रधान! हा सगळा खेळ कागदाचा आहे.

तिरकी रेघ:

कासवचाल, १०१ मतांवर पंतप्रधान हे माहीत नव्हतं, मस्त.

तुमच्या दोघांच्या मधलं एक टाकते. कधी कधी कागदावरचा अधिकार मेला असं सगळे धरून चालतात आणि तो अचानक उठून बसतो. ऑस्ट्रेलिया, ११ नोव्हेंबर १९७५. व्हिटलम पंतप्रधान, कनिष्ठ सभागृहात बहुमत. सिनेटमधे विरोधकांनी खर्चाची विधेयकं अडवून धरलेली, सरकारचे पैसे संपत आलेले. व्हिटलम गव्हर्नर जनरल जॉन कर (तिथला राणीचा प्रतिनिधी) यांच्याकडे गेले सिनेटच्या अर्ध्या जागांची निवडणूक मागायला, आणि हातात पडलं बडतर्फीचं पत्र. ज्या कर यांनी ते पत्र दिलं त्यांची नेमणूक व्हिटलमच्याच शिफारशीनं झालेली. दुपारी काळजीवाहू पंतप्रधान झालेल्या विरोधी पक्षनेते फ्रेझरविरुद्ध सभागृहानं अविश्वास ठराव मंजूर केला, त्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, संसद विसर्जित. गंमत म्हणजे डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझरच दणक्यात जिंकले.

म्हणजे शंकासुर म्हणतात कागदाला किंमत नाही, कासवचाल म्हणतात आहे, आणि ऑस्ट्रेलियात पंचाहत्तर वर्षं नव्हती आणि एका दुपारी होती.

नुसता वाचक:

मी तज्ञ वगैरे नाही पण राजा म्हणजे वारसा हे कासवचाल यांचं पहिलंच गृहीतक थोडं गडगडतं असं वाटतं. मलेशियात नऊ राज्यांचे नऊ राज्यकर्ते (बहुतेक सुलतान) आपसात पाच वर्षांसाठी एक राजा निवडतात, मग पुढचा नंबर. संयुक्त अरब अमिरातीत सात अमीर मिळून अध्यक्ष निवडतात, म्हणजे वर 'अध्यक्ष' लिहिलंय आणि आत सगळे राजे. व्हॅटिकनमधे पोपची सत्ता पूर्ण निरंकुश, पण त्याला निवडतात ऐंशीच्या आतले कार्डिनल, दोन तृतीयांश मतांनी. निवडून आलेला निरंकुश राजा!

आणि सान मरिनोमधे एका वेळी दोन राष्ट्रप्रमुख, मुदत फक्त सहा महिने. तेवढ्यात तर सहीचा शिक्काही बनून येत नसेल.

कासवचाल:

मान्य, मान्य. 'वारशानं' च्या ऐवजी 'खुर्चीत बसणारा कुठून येतो' असा रकाना करा. पडलो तोंडावर.

उंबरठा:

संघराज्याचा रकाना कोणीच भरला नाही म्हणून येतो. थोडक्यात लिहितो कारण मोबाईलवरून टाईप करतोय.

लोक विचारतात राज्यांना अधिकार किती. तो प्रश्न फसवा आहे, अधिकार भरपूर देऊनही देश एकात्म असू शकतो. विचारायचं हे की केंद्राला वाटलं तर ते अधिकार, किंवा ते राज्यच, एकटं केंद्र काढून घेऊ शकतं का? ब्रिटनमधे थॅचरबाईंच्या सरकारला लंडनची महापरिषद डोईजड झाली तर संसदेत कायदा केला आणि १९८६ ला परिषदच बंद, अख्ख्या राजधानीचं निवडून आलेलं सभागृह गेलं. हे एकात्म. अमेरिकेत एखादं राज्य तोडून नवीन करायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागतेच. हे पक्कं संघराज्य. भारत मधे कुठेतरी, कलम ३ प्रमाणे राष्ट्रपती राज्याच्या विधानसभेचं मत मागवतात पण ते संसदेवर बंधनकारक नाही, २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं होतं तरी तेलंगणा झालं. पण त्याच भारतात केंद्र-राज्य अधिकारवाटपाची यादी बदलायची तर निम्म्या राज्यांची संमती लागते. त्यामुळे 'हो / नाही' असा रकाना करू नका, तीन पायऱ्या ठेवा निदान.

अवांतर: अॅरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यघटना गोळा केल्या होत्या म्हणतात. त्यातली एकच, अथेन्सची, आज हाती आहे, तीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पपायरसवर सापडली. त्याचे रकाने सहा होते, सत्ता एकाच्या हाती, थोड्यांच्या की पुष्कळांच्या, आणि ती सगळ्यांच्या भल्यासाठी की स्वतःच्या. ताई, तुमचं शीट बॅकअप करून ठेवा.

शंकासुर:

अॅरिस्टॉटलचा दुसरा प्रश्न म्हणजे माझाच प्रश्न, फक्त त्याला दाढी होती.

बरं, ताईंनी 'सगळ्यात चांगली कुठली' विचारलं होतं ते सगळ्यांनी सोयीस्कर टाळलं. त्यावर गुण देणाऱ्या संस्था आहेत हे खरं, पण एकाचा आकडा दुसऱ्याला जुळत नाही. इकॉनॉमिस्टचा विभाग साठ प्रश्न विचारून दहापैकी गुण देतो, आठच्या वर पूर्ण लोकशाही, सहा ते आठ सदोष लोकशाही, मग मिश्र, मग हुकूमशाही. गोथेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम प्रकल्प वेगळे चार गट करतो. भारत एकाकडे 'सदोष लोकशाही', दुसऱ्याकडे २०२१ च्या अहवालापासून 'निवडणुका होणारी एकाधिकारशाही', आणि फ्रीडम हाऊसकडे त्याच वर्षापासून 'अंशतः स्वतंत्र'. अमेरिकाही इकॉनॉमिस्टवाल्यांकडे २०१६ च्या यादीपासून सदोष गटात आहे. (ह्यावरून इथे कुस्ती नको, त्याला वेगळा धागा काढा.) सांगायचं इतकंच की हे विशेषण शीटमधे टाकणार असाल तर कोणी दिलं आणि कुठल्या वर्षी, हे शेजारी लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

कासवचाल:

चांगली कुठली ह्याला माझं उत्तर 'कशासाठी चांगली' असंच आहे, टाळतोय म्हणा हवं तर. अध्यक्षीय पद्धतीत माणूस ठराविक मुदतीला पक्का, म्हणून धोरण टिकतं, पण तो बिघडला तर चार-पाच वर्षं भोगायची, आणि अध्यक्ष एका पक्षाचा नि संसद दुसऱ्याची झाली की 'मलाच लोकांनी निवडलंय' असं दोघंही खरंच म्हणू शकतात, तो तिढा सोडवायला घटनेत जागा नसते. संसदीय पद्धतीत तिढा सुटतो पण सरकार सारखं मागे वळून बघत चालतं. ज्या देशात पक्ष पुष्कळ आहेत तिथे मी संसदीयच घेईन, जर्मनीचं ते कलम लावून. हे माझं मत, शंकासुर येतीलच.

पाटीपेन्सिल:

सगळ्यांना खरंच दंडवत. काल रात्री जुने पाचही रकाने उडवले. आता असे आहेत: वरच्या खुर्चीत बसणारा कुठून येतो, सरकार चालवणारा कोण, त्याला मुदतीआधी घरी कोण पाठवू शकतं, प्रांतांचे अधिकार केंद्र एकटं काढू शकतं का (तीन पायऱ्या), आणि मागे शेवटचा सत्ताधारी हरून कधी गेला त्याचं साल. हा शेवटचा खास शंकासुरांसाठी, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त माहिती तोच देतोय. काही देशांपुढे तो रिकामाच राहतो आणि बाकीचे रकाने मग कोणी वाचणारही नाही.

अँडोरा पाच मिनिटात भरला! अक्षरांनुसार आता फ्रान्सपर्यंत पोचलेय. मधेच मोह होऊन स्वित्झर्लंड उघडून बघितलं तर परत अडकले. सात जणांचं मंडळ सरकार चालवतं, संसद त्यांना चार वर्षांसाठी निवडते म्हणून मी खुशाल 'संसदीय' लिहायला गेले, पण एकदा निवडलं की संसद त्यांना मुदतीआधी काढू शकत नाही. अध्यक्ष त्या सातांतलाच एक, दरवर्षी बदलतो, बाकीच्यांचा साहेब वगैरे नाही. मग 'घरी कोण पाठवू शकतं' ह्यात काय लिहू?

तिरकी रेघ:

'कोणीच नाही' असं लिहा. आणि पद्धतीचं नाव हवंच असेल तर संचालक-मंडळी म्हणतात काही जण, पण मोठ्या देशांत तो गट म्हणजे जवळपास एकटा स्वित्झर्लंडच, त्यामुळे नाव लक्षात ठेवून फार उपयोग नाही.

फ्रान्स झालं म्हणजे आता 'ब' येणार. बेल्जियमला २०१०-११ मधे निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवं सरकारच बनलं नाही, आणि त्या काळात काळजीवाहू सरकारनं लिबियाच्या मोहिमेत विमानंही पाठवली. तुमचा 'सरकार चालवणारा कोण' रकाना तिथे जरा रुंद करून ठेवा.

उंबरठा:

आणि त्याच्या मागोमाग बॉस्निया आहे. तिथलं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानं दिलेलं तीन जणांचं राष्ट्राध्यक्षपद, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, दर आठ महिन्यांनी त्यातला एक अध्यक्षस्थानी, आणि सगळ्यांच्या वर बाहेरून नेमलेला एक उच्च प्रतिनिधी जो निवडून आलेल्या माणसालाही पदावरून काढू शकतो.

तिथे पोचलात की हाक मारा, आम्ही आहोत इथेच.

पाटीपेन्सिल:

मी ह्या रविवारी फक्त बहामाज करणार आहे.